सोहळा पाहायचा, तर आधी ताटाची वेळ ठरवा

गिरणीत, रेल्वेत, गोदीत, नगरपालिकेत राबलेल्या आईबापांची मुले शिकली. त्यातली काही परदेशी नोकरीला लागली. आज आपल्या वस्तीतही असे एखादे घर सापडते, की ज्या घरचा मुलगा किंवा लेक अमेरिकेत आहे. मग एक दिवस फोन येतो, "बाबा, या खेपेला आईला घेऊन डिसेंबरात या. नाताळच्या दिवसांत फ्लोरिडातले डिस्ने दाखवतो."

ज्यांनी जन्मभर सुट्टी म्हणजे गावाकडची फेरी एवढेच पाहिले, त्यांना या बोलावण्याचा आनंद होणारच. तो व्हावाही. पण पुष्कळदा होते काय? विमानाचे तिकीट निघते, प्रवेशाचे तिकीट निघते, स्वेटर विकत घेतले जाते, आणि जेवायचे कधी व कुठे याचा विचार कोणी करत नाही. "तिथे काय, पैसे टाकले की मिळते," असे म्हणून सारे निघतात. संध्याकाळी ज्या सोहळ्यासाठी आलो त्याची रांग लागते, आणि नेमकी तीच वेळ आजोबांच्या साखरेच्या गोळीची असते. नात भुकेने रडू लागते. आजीचे गुडघे बोलू लागतात. टेबल मागायला जावे तर उत्तर मिळते, आज सगळी टेबले भरलेली आहेत. जेवणही जाते आणि सोहळाही जातो. मुलाने वर्षभर साठवलेला पैसा आणि म्हाताऱ्यांच्या आयुष्यातला एकुलता एक दिवस एका साध्या हलगर्जीपणाने वाया जातो.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस घरून निघतानाच शिदोरी बांधतो. कुठे उतरायचे, कुठे खायचे, म्हातारीला कुठे बसवायचे, हे गाडीत बसण्याआधी ठरलेले असते. तेवढाच शहाणपणा इथेही वापरायचा आहे. म्हणून हा लेख.

जागा किती, चालणे किती?

फ्लोरिडा राज्यातल्या ओरलँडो शहराजवळ असलेले हे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. ते म्हणजे एक बाग नव्हे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार वेगवेगळी उद्याने आहेत. प्रत्येकाचे दार वेगळे आणि एकातून दुसऱ्यात जायला बस, बोट किंवा गाडी लागते. त्यामुळे दुपारी एका उद्यानात जेवून संध्याकाळी दुसऱ्यात शो पाहू, हा बेत कागदावर सोपा दिसला, तरी म्हातारी माणसे आणि लहान मूल बरोबर असताना तो करू नये. ज्या उद्यानात शो, त्याच उद्यानात जेवण, हा पहिला नियम.

नाताळच्या दिवसांतला सर्वांत मोठा सोहळा एपकॉटमध्ये होतो. एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झाले. तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा, या क्रमाने. तळ्याची पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची आहे. अमेरिकेचे दालन मुख्य दारापासून सर्वांत लांब, तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, आणि सोहळा तिथेच होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली की अर्धे काम झाले. जेवण मेक्सिकोत किंवा कॅनडात घेतले, तर जेवल्यावर जवळजवळ एक किलोमीटर चालावे लागणार. तेच जर्मनी, इटली किंवा जपानच्या दालनात घेतले, तर थिएटर पावलावर येते.

सोहळा काय आहे?

त्याला कँडललाइट प्रोसेशनल म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५८ मध्ये त्याची सुरुवात झाली. फ्लोरिडात तो १९७१ पासून मॅजिक किंगडममध्ये होऊ लागला आणि १९९४ मध्ये एपकॉटला आला. मोठा वाद्यवृंद, शेकडो गळ्यांचे समूहगान आणि मधोमध एखादा नामांकित कलावंत येशूच्या जन्माची कथा वाचून दाखवतो, असे त्याचे स्वरूप आहे. व्हूपी गोल्डबर्ग, नील पॅट्रिक हॅरिस यांच्यासारख्या नटनट्यांनी हे वाचन केले आहे. वाचणारा कलावंत दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. ज्याचे नाव मोठे, त्याच्या दिवशी गर्दीही मोठी.

हा ख्रिस्ती लोकांचा सण आहे आणि कथाही त्यांच्या धर्माची आहे. शेजाऱ्याच्या लग्नाला जसे आपण आदराने जाऊन बसतो, तसे बसावे. त्या समूहगानात एक गोष्ट मात्र आपल्या कष्टकरी माणसाने जरूर पाहावी. गाणाऱ्यांत शाळा-कॉलेजांचे गायकगट असतात, तसे डिस्नेत नोकरी करणारे कर्मचारीही असतात. कोणी हॉटेलात काम करणारा, कोणी खेळण्यांच्या गाड्या चालवणारा, कोणी कार्यालयात बसणारा. निवडचाचणी देऊन, सराव करून ते गायला उभे राहतात.

एका संध्याकाळी साधारणपणे तीन खेळ होतात. पहिला पाचच्या सुमारास, दुसरा पावणेसात-सातच्या सुमारास आणि तिसरा सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास. प्रत्येक खेळ सुमारे चाळीस मिनिटांचा. थिएटर उघडे आहे. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पहिला खेळ उजेडात सुरू होऊन अंधारात संपतो. फ्लोरिडा उष्ण प्रदेश असला तरी डिसेंबरची संध्याकाळ गार पडू शकते, म्हणून आजीची शाल पिशवीत हवीच.

जेवणाबरोबर जागा

प्रवेशाचे तिकीट असले की या सोहळ्याला वेगळे तिकीट लागत नाही. पण जागा मिळेलच, याचा भरवसा नाही. रांगेत उभे राहायचे आणि भरेपर्यंत आत सोडतील तितक्यांत आपला नंबर लागला तर लागला. गर्दीच्या दिवशी ही रांग तास-दीड तासाचीही होऊ शकते.

दुसरा मार्ग म्हणजे जेवणाचे पॅकेज. एपकॉटमधल्या ठरावीक रेस्टॉरंटांत ठरावीक जेवण घेतले, की त्याच दिवशीच्या एका खेळाला राखीव जागा मिळते. यात जेवण आधी आणि शो नंतर असा क्रम असतो. म्हणून बुकिंग करताना दोन वेळा विचारायच्या. जेवण किती वाजता, आणि त्यावर कोणता खेळ मिळणार. रात्रीच्या जेवणाचाच हट्ट धरू नये. दुपारच्या जेवणावरही संध्याकाळच्या खेळाची जागा मिळते, आणि म्हाताऱ्या माणसांना तेच सोयीचे.

राखीव जागा म्हणजे अमुक नंबरची खुर्ची नव्हे. आत बसायला मिळणार, एवढाच त्याचा अर्थ. चांगली जागा हवी, तर खेळाच्या आधी निदान अर्धा तास पोहोचावे.

या पॅकेजचे बुकिंग कधी उघडणार, याची तारीख डिस्ने दरवर्षी वेगळी जाहीर करते. ती बहुधा काही महिने आधीच येते, तेव्हा मुलाला पावसाळ्यापासूनच लक्ष ठेवायला सांगावे. साध्या जेवणाच्या टेबलाचा नियम वेगळा आहे. ते ६० दिवस आधी मिळते. १० डिसेंबरला जेवायचे, तर ११ ऑक्टोबरला बुकिंग उघडते. तिथल्या सकाळी सहाच्या सुमारास संगणकावर ते सुरू होते आणि मागणी असलेली टेबले पाहता पाहता संपतात. ऑक्टोबरात तिथे सकाळचे सहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. मुलगा कामाच्या पाळीवर असेल, तर इथला शिकलेला पुतण्याही हे काम करू शकतो. जे कुटुंब डिस्नेच्याच हॉटेलात उतरते, त्याला येण्याच्या दिवसापासून ६० दिवस आधी मुक्कामातल्या पुढच्या १० दिवसांपर्यंतची टेबले एकदम धरता येतात.

माणसे मोजताना तान्हे बाळही मोजावे. त्याचे पैसे लागले नाहीत तरी जागा लागते. बेत बदलला, तर वेळेत रद्द करावे. बहुतेक रेस्टॉरंटांत न सांगता गैरहजर राहिल्यास माणशी १० डॉलर कापले जातात. रद्द करण्याची मुदत पूर्वी एक दिवसाची होती, ती २०२३ पासून बहुतेक ठिकाणी दोन तासांवर आली. पॅकेजचे नियम याहून वेगळे असू शकतात. पैसे भरण्याआधी ते वाचून घ्यावेत.

एक दिवस असा आखा

समजा, आजोबा, आजी, मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि दोन वर्षांचा नातू, असे सहाजण आहेत. आजोबांना साखर आहे, आजीचे गुडघे दुखतात. दिवस निवडावा तो डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यातला आणि शनिवार-रविवार सोडून. हा सोहळा नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा वर्षातल्या सर्वांत जास्त गर्दीच्या दिवसांत मोडतो. शिवाय २०१८ पासून तिथल्या प्रवेशाचे दर तारखेप्रमाणे बदलतात आणि त्या आठवड्यात ते सर्वांत चढे असतात. तोच सोहळा तीन आठवडे आधी कमी पैशांत, कमी गर्दीत पाहता येतो. मग २५ तारखेचाच हट्ट कशाला?

सकाळी घरी पोटभर पोहे-उपमा खाऊन निघावे. तळ्याभोवतीची दालने साधारणपणे अकराला उघडतात. पहाटे पळापळ करण्याचे कारण नाही. मेक्सिकोकडून चालायला लागून नॉर्वे, चीन असे बसत-उठत जर्मनीपर्यंत यावे. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी मुख्य दाराजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. त्यात लाज वाटू देऊ नये. दुपारी दीडच्या सुमारास पॅकेजचे जेवण घ्यावे.

जेवण झाल्यावर उन्हात भटकू नये. अमेरिकेच्या दालनात अमेरिकेच्या इतिहासाचा अर्ध्या तासाचा खेळ होतो. गार हवेत, मऊ खुर्चीत बसून तो पाहता येतो. त्यात बोलत्या पुतळ्यांमधून गुलामीत जन्मलेले आणि गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले फ्रेडरिक डग्लस दिसतात. नातीला त्यांची ओळख आजोबांनी करून द्यावी. शेजारच्या जपानच्या दालनात या दिवसांत दरुमा बाहुलीची गोष्ट सांगण्याची प्रथा राहिली आहे. हा दरुमा म्हणजे भारतातून चीनला गेलेले बोधिधर्म. बाहुली कितीही पाडली तरी पुन्हा उभी राहते. सात वेळा पडा, आठव्यांदा उठा, असे जपानी माणूस तिच्यावरून म्हणतो. इतक्या दूर जाऊन आपल्या ओळखीचे माणूस भेटावे, तसे ते वाटते.

चारच्या सुमारास आजोबांनी पिशवीतले थोडेसे खाऊन घ्यावे. साडेचारला रांगेत. पाचचा खेळ पावणेसहाला सुटतो. मग काउंटरवरचे हलके जेवण किंवा राहिलेला डबा, आणि अंगात बळ असेल तर तळ्यावरची आतषबाजी पाहून घरी. ती रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास होते. मुले पेंगली असतील, तर ती सोडून द्यावी. सगळे पाहायलाच हवे असे नाही. एक गोष्ट नीट पाहिली, तर ती जन्मभर पुरते.

डबा चालतो!

पुष्कळांना हे ठाऊक नसते. डिस्नेच्या उद्यानांत स्वतःचे खाणे नेता येते. दारावर पिशवी तपासतात, पण पोळी-भाजी, चटणी-भाकरी, बाळाचा वरणभात यांना हरकत नसते. काचेच्या बरण्या आणि दारू चालत नाही, सुटा बर्फही चालत नाही. झटपट खाणे मिळणाऱ्या काउंटरवर मागितले तर गार पाण्याचा पेला फुकट देतात. म्हणजे सहा माणसांच्या पाण्याच्या बाटल्यांचा खर्च वाचला. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रवेशाचे तिकीटही लागत नाही.

परदेशात डबा उघडायला आपली माणसे संकोचतात. संकोच कसला? दिवसातले एक जेवण टेबलावर बसून, आरामात, पैसे मोजून घ्यावे, आणि बाकीचे घरचे खावे. यात कुटुंबाचा मानही राहतो आणि खिसाही.

पैशाचा खरा आकडा

पाटीवरचा भाव हा शेवटचा भाव नसतो. तिथे त्यावर विक्रीकर लागतो, तो सुमारे साडेसहा टक्के. शिवाय वाढणाऱ्याला बक्षिसी द्यावी लागते. आपल्याकडे ती मर्जीची गोष्ट आहे. तिथे वाढप्याच्या कमाईचाच तो भाग आहे. सहा किंवा जास्त माणसे असतील, तर १८ टक्के बक्षिसी बिलातच धरली जाते. म्हणजे समजा, जेवणाचा भाव माणशी ६० डॉलर असेल, तर ३ डॉलर ९० सेंट कर आणि १० डॉलर ८० सेंट बक्षिसी धरून तो ७४ डॉलर ७० सेंट होतो. चार मोठ्या माणसांचे ५९ डॉलर जादा. ही बेरीज घरी बसून करावी. टेबलावर बिल आल्यावर केली, तर घास घशात अडकतो.

पॅकेज परवडत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहिल्या खेळाच्या तासभर आधी, डबा हातात घेऊन साध्या रांगेत उभे राहावे. दोघांनी रांग धरावी, दोघांनी मुलांना आणि म्हाताऱ्यांना सावलीत बसवावे. आत जागा नाही मिळाली, तरी थिएटर उघडे असल्याने मागे उभे राहून गाणे ऐकता येते.

आणखी एक इशारा. मॅजिक किंगडममध्ये नोव्हेंबर-डिसेंबरातल्या काही ठरावीक रात्री नाताळची खास मेजवानी असते. तिचे तिकीट वेगळे आणि महाग, अलीकडच्या वर्षांत मोठ्या माणसाला दीडशे डॉलरच्या वर. त्या रात्री साध्या तिकिटाच्या पाहुण्यांसाठी उद्यान संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते. ज्यांना हे माहीत नसते, ते रात्रीची आतषबाजी पाहू म्हणून थांबतात आणि त्यांना बाहेर जावे लागते. तिकीट काढण्याआधी त्या दिवशी उद्यान किती वाजता बंद होणार, हे पाहून घ्यावे. मेजवानीचे तिकीट असेल, तर दुपारी चारपासून आत सोडतात. तेव्हा संध्याकाळचे जेवण सातच्या आत उरकावे, कारण सात ते बारा हीच त्या महाग तिकिटाची खरी वेळ. ती टेबलावर बसून घालवू नये.

ताट आणणारा हात

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण ज्या रात्री सण पाहायला जातो, त्या रात्री कोणाचा तरी सण कामावर जातो. डिस्ने वर्ल्डमध्ये सत्तर हजारांहून अधिक माणसे नोकरी करतात. नाताळच्या दिवशीही उद्याने उघडी असतात. कोणी भांडी घासतो, कोणी खोल्या झाडतो, कोणी ताट आणून ठेवतो. त्यांच्याही घरी मुले वाट पाहत असतात.

या माणसांनी आपली मजुरी भीक म्हणून मिळवलेली नाही. २०१८ मध्ये त्यांच्या संघटनांनी करार करून ताशी १० डॉलरची किमान मजुरी २०२१ पर्यंत १५ डॉलरवर नेली. मध्ये २०२० मध्ये करोनाची साथ आली. त्या वर्षी हा सोहळाच झाला नाही, आणि डिस्नेने अमेरिकेतल्या २८,००० कामगारांना कमी करण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये सोहळा परतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने पुढे केलेला वाढीचा प्रस्ताव कामगारांनी ९६ टक्के मतांनी फेटाळला. त्यानंतर मार्चमध्ये नवा करार झाला आणि सुमारे ४५,००० कामगारांसाठी किमान मजुरी त्या वर्षअखेरपर्यंत ताशी १८ डॉलर ठरली. एकजूट काय करते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून टेबलाची वेळ पाळा. यायचे नसेल, तर वेळेत कळवा. आपण अडवून ठेवलेल्या रिकाम्या टेबलाची बक्षिसी कोणाच्या तरी घरी जाणार होती, आणि त्याच टेबलाच्या आशेने दुसरे कुटुंब दारात उभे होते. वाढणाऱ्याला त्याचे नाव घेऊन, हसून धन्यवाद द्या. नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. ज्याने स्वतः पाळीवर काम केले आहे, त्याला या दोन शब्दांची किंमत कळते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलाचा फोन आला की आनंदाने "येतो" म्हणा. पण फोन ठेवण्याआधी एवढे विचारा, "बाळा, शो किती वाजता आहे? आणि आम्ही जेवायचे कधी?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सहा माणसांचा दिवस त्यावर उभा आहे. शोची वेळ आपल्या हातात नसते, पण ताटाची असते.